पहिला घास कोणाचा?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातला कास्तकार बैल धुऊन आणतो, त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो, पळसाच्या पानांनी तो खांदा शेकतो आणि बैलाला सांगतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं, त्याच्या धन्याला एका संध्याकाळपुरतं अहो-जाहो करून रीतसर निमंत्रण द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास बैलाच्या तोंडात जातो आणि घरधनी त्यानंतर पानावर बसतो. यासाठी पोथी उघडावी लागत नाही की भटजीला निरोप धाडावा लागत नाही. घरातल्या बाईला आणि गोठ्यातल्या गड्याला सगळं पाठ असतं.

हे पुस्तक अशाच विधींचं आहे. नागपुरात आणि नागपूरच्या भोवती पिकाच्या निमित्ताने घराच्या उंबऱ्याच्या आत, अंगणात किंवा वावराच्या धुऱ्यावर जे काही केलं जातं, पुरोहित नसताना आणि देऊळ नसताना केलं जातं, ते इथे महिन्यांच्या क्रमाने मांडलं आहे. शास्त्राने सांगितलेला धर्म एका बाजूला आणि लोकांनी चालवलेला आचार दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी अभ्यासक करतात. घरात ती इतकी स्वच्छ नसते. महालक्ष्म्यांसमोर गुरुजी पूजा सांगतात, पण आंबील कधी आणि किती आंबवायची हे सासूबाईच ठरवतात. आमचा रस आंबिलीत आहे.

हे विधी सुटेसुटे पाहिले तर गोंधळ उडतो. एकात बैल, दुसऱ्यात गौर, तिसऱ्यात कापसाचं झाड, चौथ्यात पितर. सगळे शेजारी ठेवून पाहिले की एक नियम दिसू लागतो: नवं पीक हाती आलं की पहिला घास आपला नसतो. तो कोणाचा, हे प्रत्येक विधी आपापल्या परीने सांगतो. कुठे तो बैलाचा आहे, कुठे मातीचा, कुठे पाखरांचा, कुठे माहेरी आलेल्या लेकीचा, कुठे गेलेल्या आजा-पणजाचा. घासाचा हा क्रम म्हणजेच विधी. बाकीची हळद, कुंकू, तोरण ही त्याची सजावट.

जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकाने 'द गोल्डन बाऊ' हा ग्रंथ १८९० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला आणि पुढे तो वाढवत नेला. जगभरातले पहिल्या पिकाचे विधी त्यात गोळा केलेले आहेत. ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या आरंभी नव्या गव्हाची पहिली पोळी चर्चमध्ये नेत, त्या चालीखाली ख्रिस्ती धर्माहून जुना सुगीचा सण असावा असं अनेकांनी मानलं. आज तिकडे घरच्या घरी असे निसर्गपूजेचे सण पुन्हा साजरे करणारे लोक त्याच तारखा पाळतात. फ्रेझरला हे सगळं आदिम माणसाचं चुकलेलं विज्ञान वाटलं. पीक पुन्हा यावं म्हणून केलेला तोडगा, असा त्याचा एकूण सूर आहे. आपल्याकडचे विधी पाहताना हा सूर अपुरा पडतो. बैलाला पहिला घास दिल्याने ज्वारी जास्त पिकेल असं कोणताच कास्तकार मानत नाही. बैलाचा पिकावर हक्क आहे, एवढंच तो मान्य करतो. विज्ञानापेक्षा ही गोष्ट हिशेबाच्या जवळची आहे.

नागपूरसारख्या शहरात असं पुस्तक कशाला, असं कोणी विचारील. उत्तर शहराच्या जन्मातच आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये बारा खेडी जोडून हे नगर वसवलं. 'राजापूर बारसा' हे त्या बारा गावांचं नाव. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंढरा ही आजच्या मोहल्ल्यांची नावं त्याच गावांची. पुढे भोसल्यांची राजधानी झाली, मध्य प्रांताचं मुख्यालय झालं, १९०६ साली इथे कृषी महाविद्यालय निघालं, १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली. कॉटन मार्केट हे एका चौकाचं नाव झालं आणि धान्याचा बाजार कळमन्याला गेला. वस्ती शहरी झाली तरी सणांचा क्रम वावराचाच राहिला. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नाही, त्यांच्या घरी मातीची जोडी येते. चितार ओळीत गणपतीच्या तयारीची धांदल सुरू असते आणि इतवारी-महालाकडे लाकडी बैल मांडलेले दिसतात.

हे लाकडी बैल दुसऱ्या दिवशीसाठी. श्रावण अमावास्येचा पोळा मोठ्यांचा. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. चाकांवरचा बैल दोरीने ओढत पोरं ओळीत उभी राहतात, बैलांची आणि पोरांच्या वेशाचीही स्पर्धा होते, घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. ही प्रथा परंपरेने दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळाशी जोडली जाते. त्याच दिवशी शहरातून मारबतींची, म्हणजे मोठ्या बाईच्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघत आल्या आहेत. सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे असतात, आणि महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत जे जे शहराला छळतं ते त्या पुतळ्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर येतं. इडापीडा, रोगराई घेऊन जा, असं मारबतीला सांगत ती शहरभर फिरवली जाते आणि शेवटी जाळली जाते. रस्त्यावरचा हा भाग प्रसिद्ध आहे. घरातला भाग तेवढा ठाऊक नसतो: गावाकडे पळसाच्या फांद्यांचे मेढे दाराशी ठेवतात, घर झाडून काढतात आणि तो केर मारबतीच्या नावाने बाहेर जातो. पीक घरात येण्याआधी घर रिकामं आणि स्वच्छ करायचं, हा त्यामागचा साधा व्यवहार.

पोळ्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते आणि ती अनेकांच्या लक्षातून निसटते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काहीही खायचं नसतं. नांगर न लागलेल्या जमिनीतलं, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं: परसातला भोपळा, अळू, देवभात. पोळ्याला बैलाला जेवू घालायचं आणि पाच दिवसांनी त्याच्या कष्टाला हात न लावता एक दिवस काढून पाहायचा. हे दोन दिवस एकत्र वाचले तर त्यांच्यातला धागा दिसतो. आपलं रोजचं ताट किती परावलंबी आहे, हे ऋषिपंचमीची पानभर भाजी एखाद्या व्याख्यानापेक्षा चांगलं समजावते. शहरातल्या घरात सहज पाळता येईल आणि अर्थ हरवणार नाही असा हा एक दिवस. म्हणून या पुस्तकात त्याला पोळ्याइतकीच जागा दिली आहे.

मग महालक्ष्म्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या विदर्भात ज्येष्ठा आणि कनिष्ठा होऊन येतात: अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठेवर जेवण, मूळावर पाठवणी. मुखवटे पितळेचे असोत की मातीचे, त्यांच्या खालचं शरीर म्हणजे कोठी असते आणि अनेक घरांत ती गव्हा-तांदळाने भरतात. धान्याची कोठीच लुगडं नेसून घरात उभी राहते. समोर धान्याच्या राशी, वर फुलोरा, आणि पानात सोळा भाज्या, पुरण, ज्वारीची आंबील. आंबील हे कष्टकऱ्याचं पेय. पिठाला आंबवून, पाणी घालून वाढवलेलं. देवीच्या पानात पुरणाच्या शेजारी ती असणं हा योगायोग नसावा. सोळा भाज्या जमवताना त्या वेळी बाजारात आणि बांधावर काय काय आहे याची आपोआप मोजणी होते. ज्या घरांत आता ही यादी फ्रीजमधल्या भाज्यांनी पुरी होते, त्यांच्यासाठी आम्ही भाद्रपदात नागपूर भागात खरोखर निघणाऱ्या भाज्यांची यादी त्या प्रकरणात जोडली आहे.

घटस्थापनेला पत्रावळीवर वावरातली माती पसरून त्यात धान्य पेरतात. नऊ दिवसांत जे उगवतं ते दसऱ्याला देवाला आणि टोपीत. पुढे लगेच गहू-हरभऱ्याची पेरणी असते, त्यामुळे घरच्या बियाण्याची उगवण कशी आहे हेही कास्तकाराला कळून जातं. राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजली वाटणारे शहरातले हिंदी भाषक शेजारी हेच अंधारात उगवलेल्या गव्हाने करतात. अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला शेतात घट मांडून धान्याच्या हालचालीवरून वर्षाचं भाकीत सांगतात. त्याची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. भाकितावर आमचा भर नाही. रुजवण्यावर आहे.

आश्विन पौर्णिमा शहराला कोजागिरी म्हणून ठाऊक आहे: गच्ची, आटीव दूध, गाणी. शेतकऱ्याच्या पंचांगात ती नवान्न पौर्णिमा, आणि विदर्भाच्या पोरींसाठी भुलाबाईचा शेवटचा दिवस. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी घरात असते. रोज संध्याकाळी गाणी होतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायचा खेळ रंगतो. ओळखल्याशिवाय खायची नाही. कोजागिरीला या जोडीभोवती ज्वारीच्या हिरव्या धांड्यांची खोपडी उभारतात. त्या धांड्यांवर कणसं असतात, दाणा अजून भरत असतो. पीक कापणीला यायच्या आधीच त्याचा मंडप होतो आणि त्या मंडपाखाली माहेरपणाला आलेली लेक बसते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, असं घरोघरी सांगतात. पहिलं कणीस लेकीचं, हा इथला क्रम.

नवान्न पौर्णिमेला नवं धान्य चमचाभरच खातात, हेही नोंदवायला हवं. आयुर्वेद नव्या धान्याला पचायला जड मानतो आणि वर्षभर जुनं झालेलं धान्य हलकं समजतो. म्हणजे विधीच्या नावाने जे खायचं ते चाखण्यापुरतं. उरलेलं कोठीत थांबतं. सणाचा अर्थ भरपेट खाणं असाच घेतला तर हा संयम कळणार नाही.

दिवाळीत बलिप्रतिपदेला 'इडापीडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त बळीराजाचा अर्थ उलगडून दाखवला, त्यानंतर हे वाक्य शेतकऱ्याच्या राजकारणातही आलं. त्याच सुमारास गोवारी समाजाचं गायगोधन होतं: ढाल नाचवत, गाई खेळवत. भाऊबीजेपासून पूर्वेकडच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, दंडार आणि नाटकं सुरू होतात. धानाची कापणी आणि करमणूक हातात हात घालून चालतात. हे सगळं घराबाहेरचं, म्हणून इथे थोडक्यात.

थोडक्यात न सांगता येणारी गोष्ट आहे सीतादहीची. दसऱ्याच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडं फुटू लागतात. पहिल्या वेचणीच्या दिवशी मालकीण वावरात जाते, कापसाच्या एका झाडाखाली दगड मांडते, त्यांना हळद-कुंकू लावते, दही-भाताचा नैवेद्य दाखवते आणि तोच दहीभात पिकावर शिंपडते. मग वेचणाऱ्या बाया ओटी बांधून तासाला लागतात. कापूस खायचा नसतो. तो विकायचा असतो. तरीही पहिला घास इथे आहेच, तो जमिनीला आणि झाडाला दिलेला आहे. पांढऱ्या सोन्याच्या नावावर गिरण्या, जिनिंग, बाजार आणि वायदे उभे राहिले, पण या सगळ्याच्या आधी एका बाईने पिकाला भरवलेला दहीभात आहे. या विधीत पुरुषाला काम नाही. वेचणीचं सगळं काम बायांचं, म्हणून त्याची सुरुवातही त्यांचीच.

खळ्याचा विधी आता जवळजवळ आठवणीतच राहिला. जमीन चोपून, शेणाने सारवून खळं करायचं, मधोमध तिवडा रोवायचा, त्याभोवती बैलांची पात फिरायची. वारा सुटला की वावडीवर उभं राहून उफणणी; दाणा इकडे, कुटार तिकडे. रास झाली की तिची पूजा करून मगच माप हातात घ्यायचं. पहिलं माप मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. मापायला बसलेल्याने मध्ये बोलायचं नाही. राशीतून आधी निघायचा तो देवाचा, पाखरांचा आणि गावातल्या कारागिरांचा वाटा. घरची बंडी त्यानंतर भरायची.

संक्रांतीला सुगडात हरभऱ्याचे घाटे, ओंब्या, बोरं, उसाचे करवे आणि तीळ भरून ते दुसऱ्याच्या घरी जातं. होळीला पोरं शेणाच्या चाकोल्यांच्या माळा करतात आणि नव्या गव्हाच्या ओंब्या त्या आगीत भाजतात. मराठवाड्यात, विशेषतः लातूर आणि धाराशिव भागात, मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते, वावरात कडब्याची कोप उभारून, भज्जी-आंबील घेऊन अख्खं गाव शेतात जेवतं. ओडिशाच्या पश्चिम भागात भाद्रपद पंचमीला नुआखाई, म्हणजे नवं धान्य खाण्याचा सण, असते. प्रदेश बदलला की पीक बदलतं, तिथी बदलते. आधी कोणाला, हा प्रश्न तोच राहतो.

या प्रदेशात हा क्रम सर्वांत काटेकोरपणे पाळला तो गोंड आणि माडिया समाजांनी. नवं धान्य पितरांना आणि कुळाच्या देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. याला मराठीत 'नवा खाणे' म्हणतात. गडचिरोलीच्या माडिया गावांत पंडुम, म्हणजे नव्या पिकाचे सण, होतात, ते फक्त धानाचे नसतात. बियाण्याचाही पंडुम असतो, आंब्याचाही. पंडुम होईपर्यंत ते फळ तोडायचं नाही. जंगलातली कैरी पक्व होईपर्यंत झाडावर राहावी यासाठी याहून सोपा कायदा करता आला नसता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ मध्ये चार खंडांत निघाला. त्यात अशा चालींची नोंद जातवार लावलेली आहे. आम्ही ती पीकवार लावली. पीकवार लावल्यावर गोंडांचा नवा आणि कुणब्यांची नवान्न पौर्णिमा एकमेकांच्या शेजारी येतात, आणि कोणी कोणाकडून काय घेतलं हा प्रश्न नव्याने विचारता येतो. नागपूर वसवणारा राजा गोंड होता, हे तेव्हा पुन्हा आठवतं.

या शहराबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या दीक्षाभूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवांची पूजा सोडली. नागपुरातल्या असंख्य घरांत त्यामुळे वर सांगितलेल्यांपैकी बरेच विधी होत नाहीत, आणि ते न करणं हा त्या घरांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. हे पुस्तक त्यांना कुठलीही जुनी पूजा परत सुचवत नाही. बौद्ध परंपरेत पिकाचा संदर्भ आहेच. शुद्धोदनाच्या वप्पमंगलात, म्हणजे नांगरणीच्या उत्सवात, जांभळाच्या झाडाखाली बालसिद्धार्थ पहिल्यांदा ध्यानात बसला, अशी कथा आहे. आणि ज्या आश्विन पौर्णिमेला शेजारच्या घरी नवान्न होतं, त्याच पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास संपतो आणि चीवरदानाचा काळ सुरू होतो. आधी दान, मग आपलं जेवण: घासाचा क्रम इथेही आहे, देवाशिवाय. त्या प्रकरणाचा मसुदा बौद्ध घरांतल्या वाचकांनी तपासून दिला आहे.

जुने विधी निर्मळ होते असा समज कोणी करून घेऊ नये. खळ्यावर ज्यांना वाटा मिळे, त्यांनी कुठे उभं राहायचं हेही ठरलेलं असे. काहींना तो दुरून टाकला जाई. सालदाराला पोळ्याला मिळणारा मान एका दिवसाचा होता. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवातून विधवा बाई बाहेर राहिली, कोठी भरण्याचं काम तिने केलं असलं तरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. घरांनी त्यासाठी ठरावाची वाट पाहण्याचं कारण नाही. या पुस्तकातल्या कुठल्याही कृतीत 'सवाष्णीने' असा शब्द येणार नाही. जिथे जुन्या चालीत तो होता, तिथे आम्ही तो काढला आहे आणि काढल्याचं त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

बदल विधींत होतो तसा पिकांतही होतो. गेल्या काही दशकांत विदर्भाच्या खरिपात ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पसरलं. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, मळणीयंत्रातून थेट पोत्यात जातं आणि पोतं थेट बाजार समितीत. ते घराच्या कोठीत येत नाही, त्याची भाकर होत नाही, पाखरांसाठी दाराला टांगावं असं त्याला कणीसही नाही. म्हणून त्याचा विधी घडला नाही. वावराचा मोठा हिस्सा ज्या पिकाने व्यापला, त्याचा पहिला घास कोणाचा, हे कोणी ठरवलेलंच नाही. बैलांचंही तसंच. पोळ्याला ट्रॅक्टरला हार घालतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ट्रॅक्टर जेवत नाही, आणि तिथे घासाचा क्रम तुटतो. काही घरांनी त्यावर तोड काढली आहे. पुरणपोळीचं ते पान ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आणि हंगामी मजुरांना वाढलं जातं. आम्हाला ही तोड अस्सल वाटते, कारण ती मूळ प्रश्नाचं उत्तर देते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक घरगुती रूप दिलं आहे. ते मुद्दाम साधं आहे. चार मुठी यंदाचं धान्य, एक सुपडं किंवा ताट, एक दिवा. बाल्कनीत पाखरांसाठी ज्वारीचं किंवा बाजरीचं कणीस बांधायचं. घटासाठी कुंडीतली माती चालते. संत्र्यांचे दोन बहार असतात, आंबिया आणि मृग. दोन्हींचं पहिलं फळ सोलून आधी शेजारी द्यायचं, ही आमची सूचना आहे, परंपरा नाही, आणि तसं तिथे म्हटलंही आहे. मुलांनी खिरापत ओळखावी, मोठ्यांनी पहिलं माप 'लाभ' म्हणून मोजावं. सामान विकत आणावं लागत असेल तर विधी लहान करा; सामानासाठी विधी मोठा करू नका. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी दिवा गाळला तरी काही अडत नाही. घास गाळला तर मात्र काही उरत नाही.

पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात पाच रकाने: धान्य, गाव, पिकवणाऱ्याचं नाव, त्याला मिळालेला भाव, आणि आपल्या घरी पहिला घास कोणाला दिला. पहिला आणि शेवटचा रकाना कोणीही भरेल. मधले तीन भरायचे तर कळमन्यात, आठवडी बाजारात किंवा एखाद्या शेतकरी गटाकडे जाऊन विचारावं लागेल.

हे तीन रकाने का घातले, ते सांगून थांबतो. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने, नवरा-बायको आणि चार मुलांनी, एकत्र जीवन संपवलं. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि नंतरच्या वर्षांत विदर्भाचं नाव याच शब्दाला जोडलं गेलं. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून १९ मार्चला गावोगावचे आणि शहरांतले लोक एक दिवस अन्नत्याग करतात. आमच्या कॅलेंडरमध्ये ही तारीख होळी आणि गुढीपाडव्याच्या आसपास येते, गहू घरात येत असताना. आम्ही तिला सुगीच्या विधींतच धरलं आहे. बैल, पाखरू, लेक, पितर, भिक्खू यांना आधी वाढणाऱ्या संस्कृतीत पिकवणाऱ्याचं पान रिकामं राहिलं, याची ती कबुली आहे. नवान्नाच्या दिवशी आपण आधी दुसऱ्याला देतो आणि १९ मार्चला स्वतः न खाता थांबतो. दोन्ही दिवशी प्रश्न एकच असतो. पुढच्या आश्विनात ज्या घरातल्या तक्त्यात पिकवणाऱ्याचं नाव आणि त्याला मिळालेला भाव हे दोन रकाने भरलेले असतील, त्या घरात या पुस्तकाचं काम झालं असं आम्ही समजू.